दोरी दिसते तेव्हा

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत मोठा झालो. तरीही रात्री जेवणं आटपली की मला जुने, कमी पैशांत काढलेले, अगदी फडतूस म्हणावेत असे अंतराळपट बघावेसे वाटतात. रबराचे राक्षस, डुगडुगणाऱ्या तबकड्या. बायको खोलीत आली की मी पटकन दुसरं काहीतरी लावतो. चांगलं काय ते कळत असून वाईट का आवडतं? यात काही चुकतंय का? आणि बघायचेच तर कोणते बघू?

उत्तर : 'पटकन दुसरं काहीतरी लावतो' हे तुमचं वाक्य मला लागलं. तुम्ही जे लपवता, तसल्याच वस्तू बनवण्यात माझी २६ वर्षं गेली. मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये आहे. घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट लागतात, येऊरच्या बंगल्यांत शूटिंग होतं, तिथलं काम. देवांचे मुकुट, नागाची गुहा, राजवाड्याचे खांब आणि एकदा मुलांच्या मालिकेसाठी अख्खं अंतराळयान. सगळं थर्माकोल, प्लाय, फोम, पीओपी आणि चंदेरी स्प्रेवर उभं केलेलं. शिवाय गेली ११ वर्षं महिन्यातल्या एका रविवारी पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस जण असे सिनेमे एकत्र बघतो. त्यामुळे करणाऱ्याच्या बाजूनं आणि बघणाऱ्याच्याही बाजूनं सांगू शकतो.

चुकत काही नाही. तुमची आवडही बिघडलेली नाही. आपण नेमकं काय बघतो आहोत, याला तुम्ही अजून नाव दिलेलं नाही, म्हणून लाज वाटते.

नारळीकरांचं नाव काढलंत ते बरं झालं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली. ती लिहायला काय लागलं? कागद, पेन आणि त्यांचं डोकं. गोष्टीत चहाच्या कपाला जेवढी शाई लागते तेवढीच कृष्णविवराला. पडद्यावर तसं नसतं. घरगुती गोष्टीचा सिनेमा हलाखीत काढायचा तर नौपाड्यातलं जुनं घर सापडतं, कुणाची तरी मावशी स्वयंपाकघर देते, तलावपाळीवर कॅमेरा लावला की संध्याकाळ आयती मिळते. मंगळावर काहीच आयतं मिळत नाही. खुर्ची करा, दाराची कडी करा, दगड करा, आकाशसुद्धा करा. म्हणून मनात योजलेलं आणि खिशाला परवडलेलं यांच्यातली फट विज्ञानपटात जेवढी उघडी पडते तेवढी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात पडत नाही. त्या फटीतून काम करणारे हात दिसतात. श्रीमंत सिनेमात हजारो लोक राबतात ते हे हात दिसू नयेत म्हणून. तुम्हाला ते हात बघायला आवडतात.

आता 'रोबॉट मॉन्स्टर'. १९५३ चा. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. दिग्दर्शक फिल टकर तेव्हा पंचविशीत होता. चित्रीकरण ४ दिवसांत, खर्च सुमारे १६ हजार डॉलर, आणि वर तो त्रिमितीय. पृथ्वी नष्ट करायला चंद्रावरून रोबॉट येतो, अशी गोष्ट. रोबॉटचा सांगाडा करायला पैसे नव्हते. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा सूट होता. सिनेमात गोरिला लागला की तो सुटासकट कामावर यायचा. टकरनं त्यालाच घेतलं, डोक्यावर अँटेना लावलेलं पाणबुड्याच्या टोपासारखं शिरस्त्राण चढवलं, आणि झाला परग्रहावरचा रोबॉट. त्याचं संपर्कयंत्र लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमधल्या एका गुहेच्या तोंडाशी, साध्या टेबलावर मांडलेलं आहे. त्यातून साबणाचे फुगे येत राहतात. आणि त्या फुग्यांच्या यंत्राला श्रेयनामावलीत नावानिशी श्रेय दिलेलं आहे.

हे श्रेय मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सिनेमा थांबवून बसलो. आमच्या कामात प्रॉपर्टी देणाऱ्याचं नाव पडद्यावर येणं ही मोठी गोष्ट आहे. ज्यानं १६ हजार डॉलरमध्ये पृथ्वीचा विनाश दाखवायला घेतला, तो फुगे देणाऱ्याला विसरला नाही.

आणि संगीत नीट ऐका. ते एल्मर बर्नस्टाइनचं आहे, पुढे 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' करणाऱ्या बर्नस्टाइनचं. पडद्यावर गोरिला टेकडी चढतोय, पुन्हा उतरतोय, पुन्हा चढतोय, आणि मागे वाद्यं अशी वाजताहेत की खरोखर जग बुडायला आलंय. बर्नस्टाइननं 'या सिनेमाला एवढंच पुरे' असं म्हणून हात आखडता घेतलेला नाही. हातात आहे त्यात होईल तेवढं करायचं, हे त्या सिनेमात सगळीकडे दिसतं.

मी केलेल्या अंतराळयानाची हकिकत सांगतो, म्हणजे गोरिला कुठून येतो ते कळेल. संध्याकाळी सहाला सांगण्यात आलं की उद्या सकाळी नऊच्या शिफ्टला कंट्रोल रूम लागेल. हातात पैसे होते ते टेम्पो, प्लाय आणि रंग यांतच संपणार होते. आम्ही तिघं टेम्पो घेऊन एपीएमसीच्या फळबाजारात गेलो. सफरचंदाच्या पेट्यांमध्ये थरांच्या मधे खळग्याखळग्यांचे ट्रे असतात, ते रिकामे गठ्ठ्यानं उचलले. वागळे इस्टेटमधल्या भंगारवाल्याकडून बंद पडलेल्या मशिनचं स्विचांचं पॅनेल घेतलं आणि वॉशिंग मशिनची गोल काचेची दोन दारं. रात्रभर ट्रे प्लायवर ठोकले, वर चंदेरी स्प्रे मारला, काचेच्या दारांमागे काळं कापड आणि त्याला सुईनं भोकं, मागून मांडवातली लुकलुकणारी माळ. सकाळी नऊला यान तयार होतं. कॅमेरामननं एक उपकार केला. सगळे लाइट बाजूनं, खालून लावले. खळगे काळे दिसायला लागले आणि भिंतीला खोली आली. समोरून सपाट उजेड मारला असता तर सफरचंदाचे ट्रेच दिसले असते.

म्हणून अशा सिनेमात मी आधी उजेड बघतो. वस्तू स्वस्त आहे म्हणून सेट उघडा पडतो असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा लाइट लावायला वेळ मिळालेला नसतो. चार दिवसांत सिनेमा उरकायचा तर एका शॉटला दहा-पंधरा मिनिटंसुद्धा वाट्याला येत नाहीत, आणि मग सगळ्यात मोठा लाइट समोर लावून कॅमेरा सुरू होतो. पुढच्या वेळी एखादी भिंत पुठ्ठ्याची वाटली तर तिच्यावर सावली आहे का बघा.

हॉलिवूडमध्येही हेच चालायचं. स्वस्तातले सिनेमे काढणारा निर्माता रॉजर कॉर्मन २०२४ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी गेला. त्याच्याकडे उमेदवारी करताना 'टायटॅनिक'वाल्या जेम्स कॅमेरॉननं बर्गरचे फोमचे डबे भिंतींवर चिकटवून यानाचे बोळ उभे केले होते. माझे ट्रे आणि त्याचे डबे, कल्पना एकच. कॉर्मनचा दुसरा उद्योग मला आणखी विलक्षण वाटतो. १९६२ चा एक सोव्हिएत सिनेमा होता, शुक्रावर गेलेल्या अंतराळवीरांचा, 'प्लानेता बुर', म्हणजे वादळांचा ग्रह. चांगला, मेहनतीनं केलेला. कॉर्मननं त्याचे हक्क घेतले, त्यातली दृश्यं कापून, वर थोडे अमेरिकन नट चिकटवून एक सिनेमा केला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्याच दृश्यांचा दुसराही केला, तो पीटर बोगदानोविच या दिग्दर्शकाकडून. एकाच कापडातून सदरा आणि त्याच्याच तुकड्यांतून झबलं. त्यामुळे या दोन सिनेमांत एखादं दृश्य एकदम भव्य दिसतं आणि पुढच्याच क्षणी आपण कुणाच्या तरी परसात आल्यासारखं वाटतं. तो सांधा ओळखायला शिकलात की संकलन म्हणजे काय ते कळायला लागतं.

एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'बद्दल मात्र मला सावकाश बोलायचं आहे, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त हसलं गेलंय. १९८० साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकानं त्याला आजवरचा सगळ्यात वाईट सिनेमा ठरवलं आणि तो शिक्का कायमचा बसला. तबकड्यांच्या दोऱ्या दिसतात. विमानाच्या कॉकपिटला मागे नुसता पडदा आहे. थडगी हलतात. एकाच प्रसंगात दिवस असतो, मग रात्र, मग पुन्हा दिवस. दिवसाच्या उजेडात चित्रित करून रात्र भासवायची जुनी पद्धत आहे : कॅमेऱ्यात उजेड मुद्दाम कमी घ्यायचा, सिनेमा रंगीत असेल तर शॉट निळ्या छटेकडे न्यायचा, आकाश शक्यतो फ्रेमबाहेर ठेवायचं. यातलं एक जरी राहिलं तरी दिवस दिवसच राहतो.

पण त्यातला बेला लुगोसी बघा. १९३१ चा ड्रॅक्युला. एके काळी लोक ज्याला बघून घाबरत, तो म्हातारपणी व्यसनानं आणि गरिबीनं खंगला होता. वुडनं त्याचे काही मूक शॉट घेऊन ठेवले होते. १६ ऑगस्ट १९५६ ला लुगोसी वारला. वुडनं ते शॉट टाकून दिले नाहीत, त्यांच्याभोवती सिनेमा रचला. उरलेल्या प्रसंगांसाठी बायकोच्या ओळखीतला, तिच्या पाठीवर उपचार करणारा एक माणूस उभा केला. तो लुगोसीहून उंच होता, चेहरा जराही जुळत नव्हता, म्हणून तो सबंध सिनेमाभर नाकापर्यंत झगा धरून फिरतो.

लोक इथे सगळ्यात मोठ्यानं हसतात. मला हसू येत नाही, कारण हे आम्ही दर महिन्याला करतो. मालिका चालू असताना नट सोडून जातो, आजारी पडतो, तारखा देत नाही. मग त्याचाच सदरा घालून कुणाला तरी पाठमोरा उभा करायचा, समोरचा नट बोलत राहतो, आवाज नंतर डब होतो. घरी बसलेल्यांना कळत नाही, कारण आमच्याकडे तीन कॅमेरे असतात आणि संकलक हुशार असतो. वुडकडे यातलं काही नव्हतं. एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी दिलेल्या पैशांवर तो सिनेमा करत होता आणि गेलेल्या मित्राचा शेवटचा चेहरा त्याला पडद्यावर आणायचा होता. झगा धरलेला तो उपचारवाला दिसला की मला हे सगळं एकदम दिसतं. हे कळल्यावरही हसू आलं तर हसा, पण एकदा हे लक्षात ठेवून बघा.

आमचं गाव कुडाळकडे. लहानपणी जत्रेत रात्र रात्र दशावतार बघितलाय. राजा दोन फेऱ्या मारतो आणि म्हणतो, पोचलो अरण्यात. कुणी झाड मागत नाही. शेजारच्या पिंगुळीत ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या नाचतात, त्यांच्या दोऱ्या समोर दिसतात, कुणी हरकत घेत नाही. बरीच वर्षं मला वाटायचं की हे सिनेमे मला त्या सवयीनंच आवडतात. आता तसं वाटत नाही. दशावतारात नट आणि बघणारे यांचा करार आधीच झालेला असतो की झाड नाही, तुम्ही मानायचं. सिनेमा असा करार करत नाही. तो छातीठोकपणे म्हणतो, ही बघा खरी तबकडी. आणि दोरी दिसते. त्या क्षणी तबकडीही दिसते आणि ती धरून उभा असलेला माणूसही, हात दुखत असताना शॉट संपायची वाट बघणारा. दोघं एकत्र दिसणं ही चीज ना दशावतारात मिळते ना कोट्यवधींच्या सिनेमात. माझी आई या बाबतीत माझ्यापेक्षा सरळ आहे. माझं यान टीव्हीवर बघताना तिनं ट्रे ओळखले. बाजारात उभं आयुष्य गेलंय तिचं. 'सफरचंदाचे ना रे?' म्हणाली, आणि पुढच्या वाक्यात, 'आता हे परत कसे येणार पृथ्वीवर?'

आपल्याकडचं थोडं. १९६३ चा तमिळ 'कलै अरसी' : परग्रहावरचे लोक विज्ञानात पुढे गेलेत पण त्यांच्याकडे संगीत नाही, म्हणून ते पृथ्वीवरची गायिका पळवून नेतात. एम. जी. रामचंद्रन आणि भानुमती. एवढी सुंदर कल्पना मोठ्या बजेटच्या किती सिनेमांत सापडेल? १९६७ चा 'चाँद पर चढाई', त्यात दारासिंग चंद्रावर जातो. तो बघताना सन लक्षात असू द्या. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. हा सेट लावणाऱ्यांनी चंद्रावर माणूस चालताना कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी अंदाजानं चंद्र केला. आपण तो आज चुकीचा म्हणतो, कारण आपल्याला उत्तर माहीत आहे. आणि माझ्या वयाच्या लोकांना १९८९ ची दूरदर्शनवरची 'स्पेस सिटी सिग्मा' आठवत असेल. कॅप्टन तारासाठी मी खेळ सोडून घरी यायचो. पुठ्ठ्याचे खोके रंगवून मी पहिला कंट्रोल पॅनेल केला तो तेव्हा, चरईतल्या आमच्या खोलीत.

परग्रह म्हणून दगडखाण वापरायची युक्ती तर जगभर चालते. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेनं इंग्लंडमधल्या किती खाणी ग्रह म्हणून खपवल्या. आमच्याकडे तुर्भ्याच्या बाजूला डोंगर कापलेले आहेत. पहाटे तिथे कॅमेरा खाली, जमिनीलगत लावला, वर नुसतं आकाश ठेवलं, की नवी मुंबई पूर्ण नाहीशी होते.

आता एक नाजूक गोष्ट. कमी पैशांत काम होतं तेव्हा उरलेली किंमत कुणीतरी दुसरं भरत असतं. बहुतेक वेळा ती झोप असते, मजुरी असते. कधी त्याहून जास्त असते. जपानचा १९५४ चा 'गोजिरा', म्हणजे गॉडझिला, वाईट सिनेमा मुळीच नाही, पण त्यातल्या राक्षसाचा पहिला सूट १०० किलोच्या घरात होता आणि आत असलेला हारुओ नाकाजिमा उष्म्यानं कोसळायचा. एका मालिकेच्या शेवटच्या भागासाठी आम्हाला गोदामात स्फोट दाखवायचा होता. त्या कामाचा जाणकार माणूस बोलवायचे पैसे वाचवले गेले. 'छोटासाच आहे, तुम्हीच करा' असं सांगण्यात आलं. सेटिंगच्या १९ वर्षांच्या मुलाचा उजवा हात भाजला. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याला हातोडी धरता येत नव्हती. त्या सकाळी 'हे करायचं नाही' असं म्हणायला हवं होतं ते मी. मी म्हटलं नाही, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून रबरी राक्षसाला, हलणाऱ्या भिंतीला, दिसणाऱ्या दोरीला मी मनापासून हसू शकतो; पण खरी आग नटाच्या अंगाशी येताना दिसली, किंवा एखादं जनावर खरोखर घाबरलेलं दिसलं, तर आमच्या रविवारी तो सिनेमा लागत नाही. तुम्हीही एवढं बघत जा.

मुद्दाम वाईट काढलेल्या सिनेमांचं काय, असा प्रश्न पुढे येईलच. २०१३ साली 'शार्कनेडो' आला, वादळातून शार्क पडतात, आणि २०१८ पर्यंत त्याचे ६ भाग झाले. पुष्कळांना आवडतात, त्यांनी बघावेत. मला त्यात काही सापडत नाही. तिथे बनवणाराच आधी डोळा मारतो, त्यामुळे बघणाऱ्यानं शोधून काढावं असं काही उरत नाही. 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये कुणीही डोळा मारत नाही.

शिवाय स्वस्त कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये हात सापडायला वेळ लागतो. तरी कुठे बघायचं ते सांगतो. पाय बघा : प्राणी जिथे टेकतो तिथे जमिनीवर घट्ट काळी सावली हवी, ती नसली की तो तरंगतो. उजेडाची दिशा बघा : नटाच्या डाव्या गालावर ऊन आणि राक्षसाच्या उजव्या. केसांच्या कडा बघा, नटामागे लावलेल्या हिरव्या पडद्याचा, म्हणजे क्रोमाचा, रंग तिथे चिकटून राहतो. आणि वजन : मोठं धूड वळताना आधी थांबतं, मग वळतं, स्वस्तातलं धूड पतंगासारखं फिरतं. हे चार मुद्दे माहीत असले की 'बर्डेमिक' (२०१०) बघाच. त्याचा कर्ता जेम्स न्गुयेन सिलिकॉन व्हॅलीत सॉफ्टवेअर विकण्याच्या नोकरीत होता. पगारातून, १० हजार डॉलरच्या आत, सुटीच्या दिवशी त्यानं हा सिनेमा काढला. गरुड एका जागी पंख हलवत लटकलेले आहेत आणि माणसं कपड्यांचे हँगर घेऊन त्यांच्याशी लढताहेत. पण हवामानबदलाबद्दल त्याला जे सांगायचं आहे ते तो अगदी जीव तोडून सांगतो. तुमच्याच क्षेत्रातला माणूस, तुमच्यासारखाच नोकरीनंतरच्या वेळात स्वप्न बघणारा. म्हणून तो सिनेमा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं.

पीटर जॅक्सनचा 'बॅड टेस्ट' (१९८७) रक्तामांसाचा आहे, पोट घट्ट असेल तरच बघा. चार वर्षांच्या सुट्ट्यांत मित्रांना घेऊन केलेला. परग्रहवासीयांचे मुखवटे त्यानं आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले होते. जॅक्सन पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'पर्यंत पोचला ते सगळ्यांना ठाऊक आहे. फिल टकरचं नाव तसं मोठं झालं नाही, आणि तरी मला टकरच जवळचा वाटतो.

आता बघायचं कसं. एकट्यानं, रात्री, कानात हेडफोन घालून बघणं थांबवा. हे सिनेमे चारचौघांत बघायचे. आमच्याकडे एकच नियम आहे : कुणीही एकदा हात वर करून सिनेमा थांबवू शकतं आणि विचारू शकतं, हे कसं केलं असेल? मध्यंतरात कुंजविहारचे वडापाव येतात आणि मग त्यावर बोलणं होतं. 'रोबॉट मॉन्स्टर'च्या वेळी आमच्या विंगमधल्या एका मुलीनं, चौथीत होती तेव्हा, हात वर केला. तिचा प्रश्न होता, 'त्या काकांना आत उकडत नसेल?' हॉलमध्ये तोवर हशा चालला होता, तो थांबला. आमच्यातले एक निवृत्त ड्रेसदादा उठले आणि त्यांनी दहा मिनिटं सांगितलं की असा सूट आतून कसा शिवतात, पाठीला उघडायला जागा कशी ठेवतात, दर दोन शॉटनंतर टोप काढून वारा कसा घालतात, आत घाम शोषायला काय घालतात. नंतर सिनेमा पुन्हा सुरू झाला. गोरिला टेकडी चढायला लागला तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, 'हळू या.'

आणि तुमच्या घरचं. बायको आली की बदलू नका, थांबवा, आणि तिला विचारा की ही वस्तू कशाची केली असेल. सुरुवात 'डार्क स्टार'नं करा, १९७४ चा. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन या दोघांनी विद्यार्थी असताना सुरू केलेला, एकूण सुमारे ६० हजार डॉलरचा. यानावरचा परग्रही प्राणी म्हणजे रंगवलेला बीच बॉल, खाली पंजे लावलेला. शेवटी फुटायला निघालेल्या बॉम्बला अंतराळवीर तत्त्वज्ञान सांगून थोपवायला बघतो. तो प्रसंग लिहिण्यात इतका पक्का आहे की त्याला पैशांची गरजच पडलेली नाही. बॉलचा प्राणी मात्र ओबॅननच्या मनात राहिला. यानात शिरलेला प्राणी आणि त्याच्यामागे फिरणारी माणसं, हीच कल्पना त्यानं हसण्याकडून भीतीकडे वळवली आणि त्यातून १९७९ चा 'एलियन' लिहिला. पहिल्या शनिवारी बॉल बघा, दुसऱ्या शनिवारी 'एलियन'. एकच माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतोय, हे तुमच्या बायकोला तुम्ही सांगायच्या आधी दिसेल.

पुढच्या महिन्यात आमच्याकडेही 'डार्क स्टार'च आहे. ऐरोलीहून ठाण्याची लोकल धरली की फार वेळ लागत नाही, दोघं या. बॉल पंजे आपटत येतो तिथे मी थांबवणार आहे. आमच्या ड्रेसदादांचं म्हणणं आहे की पंजे म्हणजे आत घातलेले हात आहेत, आणि हात घालणारा माणूस कुठे लपला असेल यावर त्यांचं-माझं अजून एकमत झालेलं नाही.